काठावरचा माणूस आणि मोठा मासा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले ते कामगार कायद्यांवर बोलावे म्हणून. मी त्यांना म्हटले, कायद्यावर मी वर्षभर बोलतच असतो, ऐकणाऱ्यांना त्याचा वीट आला आहे आणि खरे सांगायचे तर मलाही आला आहे. या वेळी मला माशांवर बोलू द्या. चालक थोडे गोंधळले. जरीपटक्यातला एक युनियनवाला, ज्याच्या घरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तो समुद्रातल्या मोठ्या माशांवर काय बोलणार? शंका रास्त होती. पण त्यांनी होकार दिला, तेव्हा आता आपल्यालाही तासभर सोसावे लागणार.

मी विद्वान नव्हे. नववीत शाळा सुटली आणि सूतगिरणीत लागलो. पुढे जे काही वाचले ते वाचनालयातून आणि पहिल्या पाळीनंतरच्या दुपारी. नदीतले मासे मात्र लहानपणापासून ओळखीचे. कन्हानच्या डोहात बेडकाचे आमिष लावून मरळ धरण्यात आम्हा पोरांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. त्यामुळे गळ म्हणजे काय, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी जिवंत आहे हे बोटाला कळते तेव्हा छातीत काय होते, एवढे मला पुस्तकाबाहेर कळते.

समुद्र मला प्रथम भेटला तो इथेच, याच वस्तीत. गेल्याच महिन्यात चेटीचंडची मिरवणूक आपण पाहिली. झुलेलाल माशावर बसलेले असतात, तो पल्ला मासा, समुद्रातून सिंधू नदीत चढणारा. देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून आलेले लोक इथे वसले, तेव्हा त्यांनी घरदार मागे टाकले, पण नदी आणि समुद्र मनातून बरोबर आणला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सिंधी म्हातारी पापड लाटत असे. आम्ही सगळी पोरे तिला अम्मा म्हणायचो. ती कराचीची. संध्याकाळी वीज गेली की ती आम्हाला मोरीरोची गोष्ट सांगायची. पुढे वाचनात कळले, की ही कथा सिंधमध्ये घरोघर माहीत आहे आणि शाह अब्दुल लतीफ यांच्या रिसाल्यात 'सूर घातू' या भागात तिचा आधार आहे. आम्हाला मात्र ती अम्माचीच वाटायची.

गोष्ट अशी. एका कोळ्याला सात मुलगे. सहा धडधाकट, सातवा मोरीरो पायाने अधू. सहा भाऊ रोज समुद्रावर जात, मोरीरो घरी राही. जिथे आज कराची आहे तिथे कोलाचीचा भोवरा होता आणि त्या भोवऱ्यात एक प्रचंड मासा राहात असे. कोणी त्याला मगरमच्छ म्हणे, कोणी शार्क. एके दिवशी सहाही भाऊ परत आले नाहीत. लंगडा मोरीरो उठला. त्याने लोहारांकडून एक लोखंडी पिंजरा करवून घेतला. पिंजऱ्याला बाहेरून अणकुचीदार भाले. पिंजऱ्याला जाड दोर बांधले, दोरांची टोके किनाऱ्यावरच्या रेड्यांच्या जोड्यांना जुंपली आणि गावकऱ्यांना सांगितले, मी दोर हलवला की ओढा. मग तो स्वतः आत बसला आणि पिंजरा भोवऱ्यात सोडवला. माशाने पिंजरा गिळला, भाले त्याच्या घशात रुतले, दोर हलला आणि सारा गाव ओढू लागला. मासा काठावर आला. मोरीरोने त्याचे पोट फाडून भावांची हाडे काढली आणि त्यांना मूठमाती दिली. कराचीत मोरीरोची आणि त्याच्या भावांची म्हणून दाखवली जाणारी थडगी आजही आहेत.

लहानपणी या गोष्टीत मला मोरीरोचे धैर्य दिसे. पुढे संघटनेच्या कामात पडलो तेव्हा दुसरीच गोष्ट दिसू लागली. लोहाराने भाला कच्चा केला असता तर? दोर वळणाऱ्याने एक पेड कमी घातला असता तर? काठावरच्या माणसांनी दोर हललेला पाहूनही रेडे हाकले नसते तर? धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर ही किनाऱ्यावरून मोठा मासा धरण्याची संपूर्ण रीतच आहे. आमिष, गळ, दोर, आणि जमिनीवर पाय रोवून ओढणारे हात. फरक एवढाच, की आमिष म्हणून माणूस आत बसला आहे.

आता कोकणाकडे येतो.

२०१६ साली मी मालवणला गेलो. त्या भागात रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यात वाद पेटलेला होता. पारंपरिक मच्छीमारांच्या काही कार्यकर्त्यांशी एका परिषदेत ओळख झाली होती. त्यांनी म्हटले, या, आमचे बघा. चार दिवसांसाठी गेलो आणि अकरा दिवस राहिलो.

प्रथम शब्दांची गंमत सांगतो. मुंबईकडे शार्कला मुशी म्हणतात. मालवणात तोच मासा मोरी. आपल्याकडे मोरी म्हणजे न्हाणी, त्यामुळे खानावळीत फळ्यावर 'मोरीचे मटण' वाचून मी दचकलो होतो. बाप्पा, हे काय खाऊ घालतात! मग कळले आणि मग खाल्ले. उत्तम लागते. मोरीरो आणि मोरी या नावांच्या सारखेपणाने मला जरा मजा वाटली. त्यापलीकडे त्यांचा संबंध मी लावत नाही, भाषापंडितांनी माझ्यावर रागावू नये.

मोठे मासे किनाऱ्याजवळ का येतात, हा पहिला प्रश्न. आपण जमिनीवरच्या लोकांना वाटते की मोठा मासा खोल पाण्यात आणि लहान मासा उथळ पाण्यात. तसे नाही. मोठ्याचे पोट लहानावर, आणि लहान मासा खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या फटींत, खाजणात वाढतो. बोयटे भरतीबरोबर खाडीत शिरतात आणि ओहोटीला, म्हणजे तिकडच्या भाषेत सुकतीला, बाहेर पडतात. त्या तोंडावर रावस, कोकर, तांबोशी, जिताडा, घोळ आणि मोरी उभी असते. कारखान्याच्या फाटकावर पाळी सुटताना सावकाराची माणसे उभी राहतात, तशी. त्यातही अमावास्या-पौर्णिमेचे उधाण वेगळे आणि अष्टमीचा भांग वेगळा. गरवणारा माणूस आधी तिथी बघतो, मग घड्याळ बघतो आणि मग आमिष. गळाला तिकडे गरी म्हणतात आणि गळ टाकून मासे धरण्याला गरवणे.

मोरीला डोळ्यांपेक्षा दुसरी इंद्रिये तिखट. वास तिला लांबून लागतो. पाण्यातली धडपड अंगातून कळते, जखमी मासा तडफडला की त्याचे हेलकावे तिच्यापर्यंत पोचतात. पापुआ न्यू गिनीच्या न्यू आयर्लंड बेटावरचे कोळी नारळाच्या करवंट्यांची माळ पाण्यात खुळखुळवून शार्कला होडीपाशी बोलावतात आणि फासात धरतात, त्यामागे हेच आहे. याशिवाय तिच्या थुंगावर बारीक छिद्रे असतात. लोरेन्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने त्यांचे वर्णन १६७८ साली केले. ती कशासाठी आहेत हे समजायला विसावे शतक उजाडावे लागले: दुसऱ्या जिवाच्या स्नायूंतून निघणारी विजेची अतिसूक्ष्म लहर मोरीला त्यांतून कळते. वाळूत पुरलेला मासा तिला न दिसता सापडतो. तिच्या अंगात हाड नाही, सारा कूर्चेचा सांगाडा. इतर माशांना असते तशी हवेची पिशवी नाही, त्याऐवजी भलेमोठे तेलकट यकृत तिला तरते ठेवते. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना शार्कोफेरॉलची बाटली आठवत असेल. दुसऱ्या महायुद्धात विलायतेहून कॉड माशाचे तेल येणे अवघड झाले, तेव्हा आपल्याकडे शार्कच्या यकृताच्या तेलाला मोठी मागणी आली आणि सरकारनेही ते काढण्याचे कारखाने चालवले. नागपूरच्या पोराच्या पोटात अरबी समुद्र गेला तो चमच्याने!

त्या अकरा दिवसांतल्या एका रात्रीची हकीकत आता सांगतो. ज्यांच्या घरी उतरलो होतो, ते आजोबा सत्तरीचे. रापणीत आयुष्य गेले, आता दोर ओढवत नाही म्हणून खडकावर बसून गरवतात. त्यांचा नातू आणि मी असे तिघे संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी गेलो. सामान पाहून मला हसू आले. ना काठी, ना चाक. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला जाड तंगूस. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोर. तो येण्यापूर्वी सुती दोर झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवून वापरत, आणि तो दर हंगामात कुजे. टोकाला दोन हात लोखंडी तार, कारण मोरीच्या दातांपुढे तंगूस म्हणजे शेवई. तारेला तळहाताएवढी गरी, आणि गरीवर अर्धा कापलेला बोयट. आजोबांच्या तर्जनीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. बस्स.

दीड तास काही झाले नाही. मासेमारीवर लिहिणारे हा दीड तास गाळतात, म्हणून मी मुद्दाम सांगतो. पाठ दुखते, डास खातात, आणि कालवांच्या धारेने पायाला कापते.

मग तंगूस सरकला. झटका नव्हता, कोणी सावकाश दार उघडावे तसा तो आजोबांच्या बोटावरून जाऊ लागला. त्यांनी दोन वाव जाऊ दिला आणि एक हिसका मारला. पुढचे काही क्षण मला नीट आठवत नाहीत. दोर माझ्याही हातात आला होता. मी कामगार माणूस, हाताला ओढण्याची सवय, मी टाच रोवून ओढू लागलो. आजोबा ओरडले, "ओ भाऊ, वडू नकात! आत्ता वडलात तर कालवार घासान तंगूस तुटतला. जावंदे तिका खंय जाता ती. दमली काय येतली आपसूक."

मी हात सैल केला. पण ते वाक्य मला दुसरीकडेच लागले.

१९९८ साली एका औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही संप केला. मागण्या रास्त होत्या. अठराव्या दिवशी मालकाने निम्म्या मागण्या मान्य करून उरलेल्या सहा महिन्यांनी बोलू असा निरोप पाठवला. समितीतले तीन वयस्क कामगार म्हणाले, घ्या, जरा सैल सोडू या. मी म्हणालो, आता ओढलेच पाहिजे. माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या. एकेचाळिसाव्या दिवशी कारखान्याला कुलूप लागले आणि ते पुन्हा उघडले नाही. बासष्ट माणसे होती. त्यांतले काही आजही मला रस्त्यात भेटतात, नमस्कार करतात, चहासुद्धा पाजतात. कोणी बोलत नाही. मालकाचा दोष होता की नव्हता यावर मी पुष्कळ बोलू शकतो. दोर माझ्या हातात होता, एवढेच आज सांगतो.

असो. खडकावर परत जाऊ. पाऊण तास हा प्रकार चालला. ती बाहेर धावे, आजोबा सोडत. ती थांबे, आजोबा हातभर घेत. शेवटी चांदण्यात तिची पाठ दिसली, आणि मग खडकांमधल्या वाळूच्या पट्टीवर तिला लाटेबरोबर आणली. माझ्याहून हातभर लांब होती. आखूड थुंग, जाडजूड अंग. पुढे पुस्तकांतली चित्रे पाहून मला वाटले की ती ज्याला इंग्रज बुल शार्क म्हणतात त्या जातीची असावी. ही जात खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात बिनदिक्कत जाते. आफ्रिकेच्या झांबेझी नदीत आणि मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा सरोवरात ती सापडते.

नातवाने आकडा मारला. त्यात चूक काही नव्हती. घरात पैसा नव्हता, त्या महिन्यात रापणीला तीन वेळा रिकामे जाळे आले होते, आणि त्या जातीच्या माशाला तेव्हा कायद्याची बंदी नव्हती. सकाळी तिथेच पोट फाडले. आत सात पिल्ले होती. प्रत्येक हातभर लांब, पूर्ण घडलेली, दात आलेली. मोरी अंडी घालून निघून जाणारा मासा नव्हे. या जातीची मादी दहा-अकरा महिने पोर वाढवते आणि विण्यासाठी खाडीच्या उथळ पाण्यात येते. आम्ही तिला तिच्या सूतिकागृहाच्या दारात धरले होते. आजोबा काही वेळ उभे राहिले. "पोटुशी होती," एवढेच म्हणाले. मग वाकून त्यांनी एकेक पिल्लू उचलले आणि गुडघाभर पाण्यात नेऊन सोडले. नातू हसला. मी हसलो नाही, पण मदतही केली नाही, नुसता बघत राहिलो.

रापणीबद्दल आता बोलले पाहिजे, कारण मी गेलो होतो ते तिच्यासाठी. किनाऱ्यावरून मासेमारी म्हटली की पुस्तकातला माणूस एकटा काठी घेऊन उभा असतो. आपल्या किनाऱ्यावरचा माणूस एकटा नसतो. पहाटे होडी एका काठापासून निघते, अर्धवर्तुळात जाळे टाकत दुसऱ्या काठाला लागते. दोन्ही टोकांचे दोर वाळूवर. चाळीस, पन्नास, कधी त्याहून जास्त माणसे पाठ समुद्राकडे करून ओढू लागतात. तांडेलाचा आवाज आणि पावलांचा ताल. जाळ्यात बहुधा बांगडा-तारली, पण त्यांच्या मागे लागलेली मोरी, पाकट, सुरमई यांतले काहीही येते. मोठी पाकट आली की ओढणारे आधी शेपटीचा काटा पाहतात. मग वाटे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. विधवा बाईचा मुलगा लहान असला तरी त्याने दोराला हात लावला की त्याला काही तरी मिळते. मी कारखान्यांत तीस वर्षे वेतनकरार केले, परंतु इतका जुना, कागदावर नसलेला आणि तरी पाळला जाणारा करार मी दुसरीकडे पाहिला नाही. हे सारे गोडच आहे असे मी म्हणत नाही. जाळ्याचा मालक आणि ओढणारा यांच्यात कुरबुरी तिथेही आहेत, आणि बायका मासे विकून घर चालवतात पण वाटा ठरवायला त्यांना कोणी बोलावत नाही. मी हे तिथे बोललो, तेव्हा पुरुषमंडळी समुद्राकडे पाहू लागली.

या रापणीवर घाव आला तो यंत्राचा. ट्रॉलर आला, तळ खरवडू लागला. मग पर्ससीन आले. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याभोवती जाळ्याची भिंत उभी करून, बटव्याची नाडी आवळावी तसे खालचे तोंड आवळणे. थवा अख्खा जातो. थवा नाही म्हणजे थव्यामागे काठाला येणारा मोठा मासाही नाही. त्यानंतर रात्री समुद्रावर विजेचे प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याची रीत आली. काठावरचा माणूस दोर ओढतच राहिला, फक्त दोराच्या टोकाला पाणी येऊ लागले.

हा तंटा नवा नाही. गोव्यात रांपणकारांनी १९७० नंतरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध मोठा लढा दिला. त्यांचे पुढारी माथानी साल्ढाणा हे पेशाने शिक्षक. १९७८ मध्ये देशातल्या निरनिराळ्या किनाऱ्यांवरच्या लहान मच्छीमारांच्या संघटना त्यांच्यासह एका मंचावर आल्या. त्या रेट्याने गोव्यात आणि केरळात १९८० साली व महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. काठाजवळचे पाणी लहान माणसासाठी राखावे, हे तत्त्व कागदावर आले. आपल्या राज्यात ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनची संख्या आणि मुदत बांधून दिली. २०१७ साली केंद्राने दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. २०२१ साली राज्याने कायदा दुरुस्त करून दंड लाखांच्या घरात नेला. मी मालवणला होतो तेव्हा तो २०१६ चा आदेश ताजा होता आणि लोकांच्या चेहऱ्यावर उमेद होती. पण कायदा समुद्रावर नेऊन पोचवायला गस्तीची बोट लागते, बोटीला इंधन लागते आणि अधिकाऱ्याला पाठबळ लागते. कारखान्यात किमान वेतनाचा कायदा कसा राबतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी यापुढे सांगण्याची गरज नाही.

मोरीवर आणखी एक घाला आहे, तो तिच्या परांचा. चीनकडच्या मेजवान्यांत परांच्या रश्शाला मान, म्हणून पर कापायचे आणि उरलेला जीव समुद्रात टाकायचा. आपल्या सरकारने २०१३ साली पर अंगाला असल्याखेरीज मोरी उतरवू नये असे ठरवले आणि २०१५ साली परांची निर्यात बंद केली. त्याआधी २००१ मध्ये सर्वांत मोठा मासा, व्हेल शार्क, वाघाच्या बरोबरीने संरक्षित झाला. तो बिचारा तर कोणाला चावतही नाही. २०२१ साली शास्त्रज्ञांनी जगभरचा हिशेब मांडला, की खुल्या महासागरातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून एकाहत्तर टक्क्यांनी घटली आहे. बांगडा लाखाने अंडी घालतो, त्याची भरपाई होते. जी आई वर्षभर पोर वाहते आणि एका वेळी पाच-दहा पिल्ले देते, तिची भरपाई कोण करणार?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघर किनाऱ्यावरच्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात दीडशेवर घोळ मासे आले आणि ते एक कोटीहून अधिक रुपयांना गेले. घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, म्हणजे बोताला, परदेशात सोन्याचा भाव. हे ऐकून कुठल्या कोळ्याच्या पोराला मोठा मासा सोडून द्यावासा वाटेल? त्याला उपदेश करणारे आपण कोण? आपण शेरभर सुरमई घेताना भाव करतो.

हौसेने मासे धरणारे लोकही आहेत. १९६४ च्या जून महिन्यात अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या चेरी ग्रोव्हच्या धक्क्यावरून वॉल्टर मॅक्सवेल या गवंडीकाम करणाऱ्या माणसाने काठी आणि चाकाने एक टायगर शार्क ओढला. वजन १७८० पौंड, म्हणजे आठशे किलोच्या वर. गवंड्याच्या हाताचा तो विक्रम पुढे कित्येक वर्षे अबाधित राहिला, याचा मला कारण नसताना आनंद होतो. आता आपल्या कोकणातही पुण्या-मुंबईचे तरुण महागड्या काठ्या घेऊन खडकावर येतात, कोकर किंवा तांबोशी धरतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. आजोबांचा नातू म्हणाला, यांना भूक नाही तर हे मासा धरतात कशाला? तेव्हा मीही त्याच्या बाजूने हसलो. आज तितके हसू येत नाही. सोडणारा निदान मोजून धरतो. आणि वाटाड्या म्हणून त्याने गावच्या पोराला बरोबर घेतले तर चार पैसे गावात राहतात. फक्त सोडण्यालाही रीत हवी. मोरीला बरगड्या नाहीत. तिला खडकावर ओढून आणली की स्वतःच्याच वजनाखाली तिचे आतडे-काळीज चेपते, मग ती पोहत गेलेली दिसली तरी जगेलच असे नाही. सोडायचीच तर पाण्यातच ठेवून सोडावी, तार गरीजवळ कापावी.

भीतीचे दोन शब्द. २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, वैतरणेच्या खाडीत, एका मच्छीमाराच्या पायाचा शार्कने लचका तोडला. समुद्र तिथून बराच लांब, म्हणून वर्तमानपत्रांना आश्चर्य वाटले. झांबेझीचे वाचलेल्याला ते वाटू नये. तो मासा नंतर मेलेला सापडला. ज्या माणसाचा पाय गेला त्याचे दुःख मोठे आहे आणि त्याच्यापुढे आकडेवारी मांडणे हा निर्दयपणा होईल. मात्र असा चावा आपल्याकडे इतका विरळा, की एकाची बातमी देशभर होते, आणि जाळ्यात गेलेल्या मोऱ्यांची बातमी होत नाही.

मालवणहून परत आलो तेव्हा अम्मा होती. नव्वदीला टेकलेली, दिसत कमी होते, पापड लाटणे कधीच सुटले होते. मी तिच्यासाठी कोकमाची आगळ आणली होती. ती मला म्हणाली, समुद्र पाहून आलास तर सांग. मी तिला रापण सांगितली, तिला ती लगेच कळली. मग खडकावरची रात्र सांगितली. तंगूस, आकडा, सकाळी फाडलेले पोट. मोरीरोने पोट फाडले तेव्हा आत काय निघाले हे तिने मला चाळीस वर्षांपूर्वी सांगितले होते, आता आत काय निघाले हे मी तिला सांगत होतो. सात पिल्ले होती, असे मी म्हणालो, तेव्हा तिने हात पुढे करून माझे मनगट धरले.

"पाण्यात सोडली म्हणतोस. मग पोहली का?"

मी म्हणालो, "तीन पोहली, अम्मा. उरलेली चार लाटेबरोबर परत वाळूवर आली."

तिने थोडा वेळ मनगट सोडले नाही. मग विचारले, आगळीत साखर किती घालायची.